ज्यांचा इतिहास, त्यांची शाळा

1957च्या जानेवारीत अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांची रात्रशाळा भरू लागली. पुढे दुकान होते ते गोऱ्या अधिकाऱ्यांची नजर मागे जाऊ नये म्हणून. शिकायला येणारे सगळे कृष्णवर्णीय, बहुतेक शेतात नाहीतर लोकांच्या घरी राबणारे. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि त्यांना वाचता येत नव्हते. शिक्षिका बर्निस रॉबिन्सन पेशाने केशभूषाकार, शिवाय शिवणकाम करणाऱ्या. शाळेत शिकवण्याचा त्यांना अनुभव नव्हता, आणि त्यांची निवड बऱ्याच अंशी त्याचमुळे झाली. शिकलेले माणूस अडाण्यांपुढे ज्या तोऱ्यात उभे राहते तशा त्या उभ्या राहणार नाहीत, अशी निवडणाऱ्यांची खात्री होती. सुरुवातीला त्यांनी प्राथमिक शाळेची पुस्तके सोबत नेली. ती मोठ्या माणसांच्या कामाची नाहीत हे ध्यानात येताच त्यांनी ती बाजूला ठेवली आणि समोरच्यांनाच विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणाला स्वतःची सही करायची होती, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला टपालाने माल मागवण्याचा छापील अर्ज भरायचा होता. मत तर सगळ्यांनाच द्यायचे होते. अभ्यासक्रम त्यातून तयार झाला.

या शाळेमागे इसाव जेंकिन्स होते. ते बेटावरच्या लोकांना बसने चार्ल्सटन शहरात कामावर नेत आणि वाटेत, चालत्या बसमध्ये, घटनेतली वाक्ये पाठ करून घेत. सेप्टिमा क्लार्क होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून 1956 मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही गेले. टेनेसी राज्यातली, कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी हायलँडर फोक स्कूल होती. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हे काम हाती घेतले आणि अशा ‘नागरिकत्व शाळा’ दक्षिणेत ठिकठिकाणी निघाल्या. 1964च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात चाळीसहून अधिक ‘फ्रीडम स्कूल’ भरल्या. कुठे चर्चच्या तळघरात, कुठे ओसरीवर, कुठे झाडाखाली. सरकारी शाळेत ज्या इतिहासाचा उल्लेखही होत नसे तो तिथे मुलांनी वाचला, त्यावर वाद घातले आणि स्वतःची वर्तमानपत्रे काढली.

इंटरनेटवरून चालणाऱ्या शिक्षणावरच्या पुस्तकाची प्रस्तावना जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच्या एका मागच्या खोलीपासून सुरू करतो आहे, त्यामागे हेतू आहे. ऑनलाइन शिक्षण म्हटले की आपल्याकडे बोलणे लगेच यंत्राकडे वळते: अ‍ॅप कोणते, फोन किती जणांकडे, रेंज येते का. हे प्रश्न खरे आहेत आणि पुढे मीही त्यांच्याकडे येणार आहे. पण सामाजिक न्यायाच्या शिक्षणात त्यांच्याआधी एक प्रश्न येतो. ज्यांच्याविषयी धडा आहे त्यांचा तो धडा ठरवण्यात हात आहे का? रॉबिन्सनबाईंच्या वर्गात तो होता. पडद्यावरच्या वर्गात तो राहतो की सुटतो, यावरच या शिक्षणाचे बरेवाईट ठरते, असे माझे ठाम मत आहे. ही सगळी प्रस्तावना त्या मताच्या बाजूने लिहिली आहे.

अमेरिकेत या शिक्षणाला एथ्निक स्टडीज असे नाव आहे. कृष्णवर्णीय, मूळनिवासी, मेक्सिकन व लॅटिन अमेरिकी वंशाचे, आशियाई आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे, अशा लोकांचा इतिहास, साहित्य आणि आजचे जगणे त्यांच्या बाजूने पाहणारा हा विषय आहे. तो विद्यापीठांनी आपण होऊन दिलेला नाही. 6 नोव्हेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला आणि 1969च्या मार्चपर्यंत, साडेचार महिने, चालला. अमेरिकेतला विद्यार्थ्यांचा हा सर्वांत लांबलेला संप. निमित्त होते जॉर्ज मरे या शिक्षकाच्या निलंबनाचे. मरे इंग्रजी शिकवत आणि ब्लॅक पँथर पक्षाचे शिक्षणविभागाचे प्रमुखही होते. पण मागण्या निमित्ताच्या कितीतरी पुढच्या होत्या. ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या 10 आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या आघाडीच्या 5, अशा 15 मागण्यांत स्वतंत्र अभ्यासशाखा होती, तिथले शिक्षक नेमण्यात वाटा होता आणि गोरेतर मुलांना खुला प्रवेश होता. कॉलेजचे हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा स्वतः जपानी वंशाचे. विद्यार्थ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढून त्यांनी तारा उपटल्या आणि ते दृश्य देशभर टीव्हीवर दिसले. 23 जानेवारी 1969 या एका दिवसात चारशेहून अधिक माणसे पकडली गेली. अखेर तडजोड झाली आणि त्या वर्षी देशातली पहिली एथ्निक स्टडीजची शाखा तिथे उघडली.

या संपाच्या हकिगतीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संपाच्या आधी काही वर्षे याच विद्यार्थ्यांनी कॉलेजात ‘प्रायोगिक महाविद्यालय’ चालवले होते. तिथे विद्यार्थी स्वतः विषय मांडत आणि शिकवत. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे पहिले वर्ग तिथेच झाले. शिवाय फिलमोर, मिशन, चायनाटाउन या वस्त्यांत जाऊन ते मुलांच्या शिकवण्या घेत. म्हणजे मागणी करण्याआधी काम सुरू झालेले होते, आणि मागणीचा अर्थ एवढाच होता की वस्तीत जे चालले आहे त्याला कॉलेजात जागा द्या. संप मिटल्यावर तेच विद्यार्थी पुन्हा बाहेर पडले. त्याच कॉलेजातला रिचर्ड ओक्स हा मोहॉक तरुण नोव्हेंबर 1969 मध्ये मूळनिवाशांच्या हक्कांसाठी अल्कट्राझ बेट ताब्यात घेणाऱ्यांचा एक पुढारी झाला. मॅनिलाटाउनमधल्या इंटरनॅशनल हॉटेलातून म्हाताऱ्या फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना हुसकावून लावायला सुरुवात झाली तेव्हाही विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1977च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी ते हॉटेल रिकामे केले, तरी ती लढाई आजही वर्गांत शिकवली जाते.

नंतरच्या काळात हा विषय विद्यापीठांत स्थिरावला. विभाग झाले, नियतकालिके निघाली, पदोन्नतीचे नियम आले, आणि वस्ती हळूहळू लांब गेली. सगळीकडे असे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या म्हाताऱ्या भाडेकरूंवर प्रबंध लिहिले गेले त्यांच्या नातवंडांना ते प्रबंध वाचायला मिळत नव्हते, हेही खरे. ऑनलाइन शिक्षणाविषयी मला जी आशा वाटते ती इथून येते. वस्तीकडे परतायची ती एक वाट होऊ शकते.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, तेव्हा गृहयुद्ध संपून अवघी आठ वर्षे झाली होती. त्याआधी, 1855 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली. त्याच वर्षी त्यांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना अक्षराचीच बंदी होती त्यांच्यातली एक मुलगी आपल्या लोकांचा इतिहास स्वतः सांगते, त्यात पेशवाईचा हिशोब मागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यार्थ्यांना जे हवे होते ते हेच, आणि ते पुण्यात शंभराहून अधिक वर्षे आधी घडले होते. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. भारतातल्या जातींवरचा त्यांचा पहिला निबंध त्यांनी 1916च्या मे महिन्यात तिथल्याच मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचला. 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांनी त्याच वर्षीच्या जुलैत उत्तर धाडले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या नावातच ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाची खूण होती. त्या पक्षाने 1973 मध्ये ऑकलंडमध्ये स्वतःची शाळा काढली आणि ती 1982 पर्यंत चालली. आपल्याकडे पँथरची कविता पुष्कळ वाचली जाते. अमेरिकी पँथरनी इतकी वर्षे शाळा चालवली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आता ॲरिझोना राज्यातल्या टूसानकडे येतो, कारण या शिक्षणावर घाव पडला की तो कसा पडतो ते तिथे स्पष्ट दिसते. टूसानच्या सरकारी शाळांत 1998 पासून मेक्सिकन अमेरिकन अभ्यासाचे वर्ग चालत. मुले शिकत होती, शाळेत टिकत होती. 2010च्या मे महिन्यात राज्याने कायदा केला: एखाद्या वंशाविषयी वा वर्गाविषयी रोष निर्माण करणारे, किंवा माणसाला व्यक्ती म्हणून न पाहता वांशिक एकजुटीचा पुरस्कार करणारे वर्ग चालवता येणार नाहीत. वर्ग बंद केले नाहीत तर सरकारी निधीतला दहावा हिस्सा कापला जाईल, अशी तंबी मिळाली. 2012च्या जानेवारीत शाळामंडळाने वर्ग थांबवले आणि सात पुस्तके वर्गांतून काढून, पेट्यांत भरून गोदामात ठेवली. पाउलो फ्रेअरी यांचे ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ त्यांत होते. दोन महिन्यांनी टेक्ससमधल्या ह्यूस्टनहून लेखक-शिक्षकांचा एक ताफा बसने निघाला आणि वाटेत वाचनाचे कार्यक्रम करत हीच पुस्तके टूसानला घेऊन आला. शाळेतून काढलेले पुस्तक समाजाच्या हातून परत आले.

या कायद्याविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागायला 2017चा ऑगस्ट उजाडला. न्यायमूर्ती ए. वॉलेस ताशिमा यांनी म्हटले की हा कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता, आणि त्याने विद्यार्थ्यांच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला. ताशिमा जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या 1942च्या हुकुमाने सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उचलून छावण्यांत कोंडले गेले, त्यांतल्या बहुतेकांचा जन्म अमेरिकेतच झालेला होता. लहानगा ताशिमा त्यांच्यात होता, आणि त्याची छावणी होती पोस्टन, याच ॲरिझोनात. ती छावणी बांधली होती कोलोरॅडो नदीकाठच्या मूळनिवाशांच्या राखीव जमिनीवर, त्यांच्या पंचायतीचा विरोध असताना. टूसानचा खटला शिकवताना हे सगळे धागे दिसले पाहिजेत. मेक्सिकन मुलांच्या वर्गाचा निवाडा जपानी छावणीत राहिलेल्या माणसाने केला, आणि ती छावणी तिसऱ्याच कोणाच्या हिरावलेल्या भूमीवर होती. प्रत्येक समाजाचे वेगळे प्रकरण छापणारे पाठ्यपुस्तक हे दाखवू शकत नाही.

छावण्यांमधून परतलेल्या पिढीने कित्येक वर्षे तोंड उघडले नाही. मुलांना त्रास नको, आपलीच लाज नको, म्हणून. 1988 मध्ये सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले, तोवर कित्येक जण गेले होते. या पार्श्वभूमीवर 1996 मध्ये सिॲटल शहरात ‘देन्शो’ ही संस्था सुरू झाली. इंटरनेट अजून घरोघरी पोचायचे होते, तेव्हा या लोकांनी व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर म्हाताऱ्यांना बसवून त्यांच्या मुलाखती संगणकावर साठवायला घेतल्या. आज शेकडो मुलाखती, छावण्यांतली वर्तमानपत्रे, कुटुंबांचे फोटो आणि एक ज्ञानकोश, हे सारे कोणालाही विनामूल्य पाहता येते. शिक्षकांसाठी पाठही आहेत. मुलाखत घेणारे बहुधा त्याच समाजातले, विचारायचे काय आणि कुठे थांबायचे याची जाण असलेले. एखादी बाई छावणीतल्या संडासांना आडोसा नव्हता असे सांगते, मग गप्प होते, आणि मुलाखत घेणारा तिला घाई करत नाही. हा संयम प्रशिक्षणाने थोडाच येतो. त्याला नाते लागते.

अशा वर्गांचा उपयोग होतो का, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत नववीतल्या मागे पडलेल्या मुलांना हा विषय दिल्यावर त्यांची हजेरी 21 टक्केबिंदूंनी वाढली आणि गुणांची सरासरी चारांपैकी 1.4 ने वर गेली, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मांडले. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. मला हे आकडे महत्त्वाचे वाटतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकायला मी तयार नाही. आपल्या आजीला का कोंडले होते हे मुलाला कळावे, यासाठी त्याची हजेरी वाढण्याची अट कशाला?

यापुढचा मुद्दा मालकीचा. 2008 मध्ये दक्षिण आशियाई अमेरिकनांचे एक डिजिटल संग्रहालय सुरू झाले. ‘साडा’ या नावाने ते ओळखले जाते. एखाद्या घरी 1910 सालचे पत्र सापडले, तर साडाचे लोक त्याची प्रत संगणकावर उतरवून घेतात आणि मूळ कागद त्याच घरात राहू देतात. जुन्या संग्रहालयांची रीत उलटी: कागद आमच्याकडे द्या आणि पाहायचा असेल तेव्हा परवानगी घेऊन या. गदर चळवळीची पत्रके, कॅलिफोर्नियाच्या शेतांतल्या पंजाबी मजुरांचे फोटो, 1923 मध्ये नागरिकत्व नाकारल्या गेलेल्या भगतसिंग थिंद यांची कागदपत्रे, असा ऐवज यामुळे शाळकरी मुलांपर्यंत पोचला आहे. गदरच्या उभारणीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. तेच पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी विनाशुल्क शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात ते आहेत. मराठी मुलाला खानखोजे भेटायला हवेत, आणि टूसानच्या मेक्सिकन मुलालाही.

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांचा अनुभव यापेक्षाही पुढे नेतो. त्यांच्यासोबत काम करताना ‘मुकुर्टू’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली, आणि आता अमेरिकेतले मूळनिवासीही ती वापरतात. तिच्यात कोणती गोष्ट कोणी पाहायची हे तो समाज ठरवतो. काही गाणी फक्त बायकांसाठी, काही फक्त एका कुळासाठी. गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर आधी सूचना येते. माहिती सगळ्यांना खुली असणे म्हणजेच न्याय, असे मानणाऱ्यांना हे खटकते. पण ज्यांच्या गाण्यांची, हाडांची आणि वस्तूंची दीडदोनशे वर्षे लूट झाली, त्यांच्याकडून आणखी एकदा सगळे काही मागणे यात न्याय कुठला? या पुस्तकात जिथे जिथे ‘मुक्त’ हा शब्द येईल तिथे वाचकाने मुकुर्टू आठवावे, अशी माझी विनंती आहे.

आता यंत्राकडे. 2020च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावचा एक फोटो सगळीकडे फिरला. दोन लहान मुली एका खाद्यपदार्थांच्या दुकानाबाहेर फरशीवर बसून, दुकानाच्या वायफायवर शाळेचा अभ्यास करत होत्या. सलिनास म्हणजे शेतमजुरांचे गाव, देशाला भाजी पुरवणाऱ्या खोऱ्यातले. सिलिकॉन व्हॅली तिथून मोटारीने फार लांब नाही. त्याच वर्षी नवाहो लोकांच्या प्रदेशात कितीतरी मुले इंटरनेटवाचून शाळेपासून तुटली होती. सामाजिक न्यायाचे शिक्षण ऑनलाइन न्यायचे आणि ज्यांच्यासाठी ते आहे तेच दाराबाहेर राहायचे, हा धोका खरा आहे. ध्वनिफीत, साध्या फोनवर ऐकता येणारा पाठ, छापून वाटता येणारी दोन पाने यांना कमी लेखू नये.

दुसरा धोका कमी दिसतो. 2020च्या सप्टेंबरमध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये, जिथे संप झाला होता तिथेच, अरब व मुस्लिम अभ्यासाच्या प्राध्यापकांनी एक खुला ऑनलाइन वर्ग ठेवला. वक्त्यांत लैला खालेद होत्या. 1969 आणि 1970च्या विमान-अपहरणांत त्यांचा सहभाग होता, आणि त्यांची संघटना अमेरिकेच्या दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे. विद्यापीठाने प्राध्यापकांचे स्वातंत्र्य म्हणून वर्गाला हरकत घेतली नाही. झूम कंपनीने मात्र अमेरिकी कायद्याचे कारण देऊन आपली सेवा नाकारली. मग यूट्यूबवरचे प्रक्षेपणही मध्येच तुटले. खालेद यांना बोलवावे की नाही यावर दोन मते असू शकतात, आणि तो वाद वर्गात, विद्यापीठात, वर्तमानपत्रांत व्हायला हवा होता. तो मिटवला एका कंपनीने. 1968 मध्ये हायाकावांनी तारा उपटल्या तेव्हा निदान ते गाडीवर चढलेले सगळ्यांना दिसले होते.

म्हणून मला फ्लोरिडातले उदाहरण आशादायक वाटते. तिथल्या राज्य सरकारने 2023च्या सुरुवातीला आफ्रिकन अमेरिकन अभ्यासाचा एक नवा अभ्यासक्रम शाळांत नाकारला. त्यानंतर ‘फेथ इन फ्लोरिडा’ या संघटनेने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे पाठ, पुस्तके आणि चित्रफिती एकत्र करून इंटरनेटवर ठेवल्या आणि चर्चना आवाहन केले की तुम्ही शिकवा. शेकडो चर्च पुढे आली. साहित्य आले इंटरनेटवरून, पण शिकणे झाले रविवारी, ओळखीच्या बाकांवर, आजी-नातवंडे एकत्र बसलेली असताना. जॉन्स आयलंडसारखी पाळत चुकवायला मागची खोली लागत नव्हती, एवढाच फरक. इंटरनेटला एवढेच काम द्यावे असे मी म्हणत नाही. झिन एज्युकेशन प्रोजेक्टने 2020 पासून घेतलेल्या ऑनलाइन वर्गांत देशभरचे शिक्षक इतिहासकारांशी थेट बोलतात, लहान गटांत बसून पाठ तयार करतात, आणि तेही जिवंत शिक्षण आहे. पण तिथेही गट आहे. व्हिडिओ बनवला, वर टाकला, किती जणांनी पाहिला ते मोजले, याला मी शाळा म्हणणार नाही.

कॅलिफोर्नियाची कथा अजून संपलेली नाही. 2021 मध्ये तिथे एथ्निक स्टडीजचा नमुना अभ्यासक्रम मंजूर झाला, कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही यावरून मोठी भांडणे होऊन. त्याच वर्षी, शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी हा विषय सक्तीचा करणारा कायदाही झाला. कायद्यात पैशाची अट होती, आणि 2025-26च्या अंदाजपत्रकात तरतूद झाली नाही. त्याच 2025 मध्ये केंद्र सरकारच्या मानव्यविद्या निधीची अनुदानेही मोठ्या संख्येने एकदम रद्द झाली. लोकांच्या संस्थांवर, त्यांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या बिनपगारी संध्याकाळींवर किती ओझे पडते आहे, ते या पुस्तकातल्या प्रकरणांत जागोजागी दिसेल. ही झीज आपोआप भरून येत नाही.

आणि या कथेत आपणही आहोत. 1965च्या ज्या कायद्याने भारतीयांसाठी अमेरिकेची दारे खऱ्या अर्थाने उघडली, तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत झाला. न्यू जर्सीत वा बे एरियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबावर मिसिसिपीच्या शेतमजुरांचे ऋण आहे, आणि ते मुलांना सांगितले जात नाही. दुसरीकडे 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या इतिहासाच्या अभ्यासचौकटीत जातीचा आणि दलितांचा उल्लेख कसा यावा यावरून भारतीय वंशाची माणसेच सुनावण्यांत समोरासमोर उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षापासून काही दलित स्त्रिया, ब्लॅक हिस्टरी मन्थपासून प्रेरणा घेऊन, एप्रिलमध्ये दलित इतिहास महिना पाळू लागल्या होत्या. त्यांचे बहुतेक काम इंटरनेटवरच उभे राहिले. 2023च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक मात्र राज्यपालांनी त्याच ऑक्टोबरात फेटाळले. जात अमेरिकेत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी इथे वाद घालत नाही. ज्यांनी ती सोसली त्यांना आपले सांगणे स्वतः सांगू द्यावे, आणि बाकीच्यांनी ते पूर्ण ऐकून घ्यावे, एवढी या शिक्षणाची किमान अट आहे.

उत्तर अमेरिकेत शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळा म्हणजे समाजाने, समाजासाठी, बिनपगारी चालवलेले शिक्षण. त्यांच्याइतकी तयार जागा मला दुसरी दिसत नाही. मुले श्लोक, बाराखडी, शिवाजी महाराज शिकतात ते शिकोतच. त्यांच्या जोडीला ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि बाबासाहेबांचे डू बॉइस यांना लिहिलेले पत्र हे दोन कागद वर्गात आणावेत. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डू बॉइस संग्रहात इंटरनेटवर पाहता येते, आणि बाबासाहेबांचे समग्र लेखनही ऑनलाइन उपलब्ध आहे. सुट्टीत भारतातून आजी-आजोबा आलेले असतातच. ज्यांनी 1972ची मुंबई पाहिली, नामांतराच्या सोळा वर्षांत ज्यांच्या गावात काही घडले, त्यांना मुलांनीच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे फोनवर टिपून ठेवावीत. टिपण्याआधी परवानगी घ्यावी. कोणते नाव वगळायचे, कोणता भाग घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे बोलणाऱ्यानेच सांगावे, आणि ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत त्याच्याच घरी राहावी.